माठ, कूलर आणि फुटबॉल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीच्या पत्रात माझ्या नावापुढे विषय लिहिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी फोन करून विषय बदलून मागितला. म्हटलं, मला फुटबॉलवर बोलायचंय. पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही. बरोबरच आहे. १९९८ च्या दहावीच्या बॅचला माझं खेळातलं कर्तृत्व ठाऊक आहे. खो-खोच्या संघात मी तीन वर्षं राखीव होते आणि राखीव म्हणजे बाकीच्या मुलींच्या चपला सांभाळणारी. पण आज माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही आहे ते मैदानावरचंच आहे. शिवाय त्यात थोडं इंजिनिअरिंगही येतं, म्हणजे पत्र अगदीच वाया जाणार नाही.

सुरुवात कूलरपासून करते.

२००४ साली मला नवी मुंबईत नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. नेरुळला आम्ही तिघी मैत्रिणी एका खोलीत राहत होतो. मे महिन्यात मी घरी फोनवर रडगाणं गायलं की इथं फार उकडतं. बाबांनी काय करावं? आपल्या घरातला जुना लोखंडी कूलर, वाळ्याच्या नव्या ताट्या लावून, ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून पाठवून दिला. आपल्याकडे उन्हाळ्यात त्या कूलरपुढे दुपारी झोपलं की अंगावर पांघरूण घ्यावं लागायचं. नेरुळला तो लावला आणि तासाभरात चादरी ओलसर झाल्या, डब्यातले पापड मऊ पडले आणि आम्ही तिघी आधीपेक्षा जास्त घामाघूम. शेजारच्या रत्नागिरीकडच्या आजी दारातून डोकावून म्हणाल्या, “अगो, हा तुझा पंखा घरात पाऊस पाडतोय.” पुढे तो कूलर बरीच वर्षं आमच्या गॅलरीत कपडे ठेवायला कामाला आला.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. इंजिनिअरिंग झालेली मुलगी, पण असं का झालं याचा विचार केला नाही. उत्तर सातवी-आठवीच्या विज्ञानात आहे. माठातलं पाणी पाझरतं, वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कूलरचंही तेच. हवा कोरडी असेल तर पाणी झपाझप वाळतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते वाळायला जागाच उरत नाही. म्हणून हिंगोलीचा माठ दात शिवशिवतील असं पाणी देतो आणि मुंबईचा माठ नुसताच शोभेचा.

आपलं शरीर हाही एक माठच आहे, हे मला कळायला मात्र आणखी एकवीस वर्षं लागली आणि ते फार महागात पडता पडता राहिलं.

माझ्या भावाची मुलगी, माझी भाची, फुटबॉल खेळते. आपल्या जिल्ह्यात फुटबॉल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. कबड्डीला मैदान मिळतं, क्रिकेटला सगळंच मिळतं, उरलेल्या कोपऱ्यात फुटबॉल. ही पोरगी रामलीला मैदानावर मुलांबरोबर खेळत मोठी झाली. कोरोनाच्या वर्षी मी घरून काम करायला हिंगोलीत होते. त्या मोसमात, म्हणजे २०२०-२१ ला, इंडियन सुपर लीगची सगळी स्पर्धा गोव्यातच झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तीनच मैदानं, प्रेक्षक नाहीत. रोज संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की आम्ही दोघी टीव्हीपुढे. तिचा देव होता रॉय कृष्णा.

हा रॉय कृष्णा कोण, ते सांगायला हवं, कारण तो पुढे परत येणार आहे. तो फिजीचा. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवर १८७९ पासून आपल्याकडची माणसं ऊसमळ्यांवर गिरमिटावर नेली गेली. त्याच भारतीय वंशाच्या समाजातला हा मुलगा, लाबासा नावाच्या ऊसपट्ट्यातल्या गावचा. तिथून न्यूझीलंडच्या वेलिंग्टन फिनिक्सकडे गेला, २०१८-१९ ला ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये सर्वाधिक १८ गोल केले, मग भारतात आला. २०१९-२० ला एटीकेसाठी १५ गोल आणि संघ विजेता. माझी भाची म्हणायची, “आत्या, बघ, शेवटच्या दहा मिनिटांत बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे राहतात अन् हा पळतोय.” मला तर तो पळतोय एवढंच दिसायचं. तिला वेळ दिसायची.

आता गेल्या जूनची गोष्ट.

मुंबईतल्या एका क्लबनं महिला संघासाठी निवड चाचणी ठेवली. भाचीनं फॉर्म भरला. भाऊ जरा कचरत होता. मीच फोनवर म्हटलं, “दादा, पाठव तिला. आपल्या ४३ डिग्रीत वाढलेली पोर ती. मुंबईचं ३३ तिला काय करणार?” हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझं आहे.

ती पहाटेच्या जनशताब्दीनं निघाली, ठाण्याला उतरली, संध्याकाळी माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी दुपारी साडेतीनला चाचणी. तुम्हाला आठवत असेल, २०२५ ला मुंबईत पाऊस मे संपायच्या आतच आला आणि मग दडी मारून बसला. जमीन ओली, वर ऊन, वारा नाही. मैदान कृत्रिम गवताचं, म्हणजे उन्हात मातीच्या मैदानापेक्षा कितीतरी जास्त तापणारं. बुटातून चटके बसत होते असं मुली सांगत होत्या.

पहिला अर्धा तास ती सुंदर खेळली. मी कठड्याला टेकून मोबाइलवर फोटो काढत होते. मग तिचे पास चुकायला लागले. मला वाटलं, दबाव आला असेल. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास ती बाजूच्या रेषेजवळ आली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आत्या, घंटा झाली का?”

मी हसले. मला वाटलं गंमत करते. शाळेची घंटा! मी म्हटलं, “नाही झाली, पळ.” ती वळली, चार पावलं तिरकी गेली आणि खाली बसली. बसली म्हणजे पाय दुमडून कोसळलीच.

आयोजकांची एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावली, कुणी म्हणालं हळूहळू पाजा, कुणी म्हणालं गाडी बोलवा. रुग्णवाहिका मैदानावर नव्हती. त्या गोंधळात मैदानाची देखभाल करणारे एक वयस्कर काका आले. त्यांनी तिच्या अंगाला हात लावला आणि गेटबाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडे पळाले. त्याची बर्फाची पेटी उचलून आणली. तिला पॅव्हेलियनच्या सावलीत निजवून तो बर्फ आणि पाणी तिच्या मानेवर, काखेत, जांघेत, सगळ्या अंगावर घातलं आणि मला म्हणाले, “ताई, फाईल मारा, वारा घाला.” माझ्या हातात लॅपटॉपची बॅग होती, तिनंच मी वारा घातला. रुग्णवाहिका यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, ती पंचवीस मिनिटं तुम्ही बर्फ न लावता वाट बघत बसला असता, तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते. उष्माघात होता. दोन रात्री ठेवून घेतलं, मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या, देवाच्या कृपेनं सगळं नीट आलं.

त्या दोन रात्री मी खुर्चीवर बसून होते आणि डोक्यात एकच, “पळ.” तिनं घंटा विचारली आणि मी म्हटलं, पळ.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी इथं मुद्दाम सांगते, कारण समोर बसलेल्यांत अनेक शिक्षक आहेत. उन्हात खेळणारं लेकरू थकलं, चक्कर आली, मळमळलं, तर सावलीत घ्या, पाणी द्या, बहुधा सावरतं. पण असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, कुठं आहे ते कळेना झालं, की मग वाट बघायची नाही. जागेवरच गार करायचं, हाताशी असेल त्या पाण्यानं, बर्फानं, आणि रुग्णवाहिकेला फोन त्याच वेळी. आधी गार, मग दवाखाना.

आता थोडं इंजिनिअरिंग.

घरी आल्यावर मी वही-पेन घेऊन बसले. मला समजून घ्यायचं होतं की माझं ते ४३ आणि ३३ चं गणित कुठं चुकलं. फुटबॉलपटू एका सामन्यात साधारण दहा किलोमीटर धावतो. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला पाव भागही पळण्याच्या कामी येत नाही, बाकी सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायची मुख्य वाट म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण ‘वाळला तर’. टपटप खाली पडणारा घाम काही कामाचा नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं, गारवा मात्र मिळाला नाही. नेरुळच्या कूलरसारखं.

हे मोजायची एक रीत १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळावर निघाली, कारण तिथं कवायतीत जवान पटापटा कोसळत होते. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे डब्ल्यूबीजीटी म्हणतात. तीन तापमापी लागतात. एक साधा, सावलीतला. एक काळ्या गोळ्यातला, उन्हात ठेवलेला. आणि एक, ज्याच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली असते. अंतिम आकड्यात या ओल्या वातीला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २० आणि आपण रोज पेपरात वाचतो त्या तापमानाला फक्त १० टक्के. ‘आज हिंगोली ४३ अंश’ ही बातमी, खेळणाऱ्याच्या दृष्टीनं, दहा टक्के बातमी आहे.

मी दोन दुपारी धरून हिशेब मांडला. हिंगोलीची मे महिन्यातली दुपार, ४३ अंश, हवेत आर्द्रता १५ टक्के. ओली वात दाखवेल सुमारे २३. मुंबईची दुपार, ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. ओली वात सुमारे २८. काळ्या गोळ्याचा अंदाज हिंगोलीला ५५ आणि मुंबईला ४५ धरला. उत्तर आलं, हिंगोली ३१ च्या थोडं वर, मुंबई ३२ च्या जवळ. म्हणजे ज्या दहा अंशांचा मी दादाला फोनवर तोरा दाखवला, ते दहा अंश हवेतल्या पाण्यानं केव्हाच गिळले होते. सूर्य मावळल्यावर तर बघूच नका. आपल्याकडे ३८ अंशांची कोरडी संध्याकाळ साधारण २६ वर येते आणि मुंबईची ३१ अंशांची संध्याकाळ २८ वर अडकून राहते. आपण अंगणात बाज टाकून सुस्कारा सोडतो, तिकडे रात्रभर भिंती घामेजतात.

आणि आपण हिंगोलीकर ४३ अंशांत खेळतो तरी कुठे? दुपारी बारा ते चार गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. भाची मे महिनाभर सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सहानंतर सराव करायची, मधली दुपार कूलरपुढे. “उन्हात वाढलेली पोर” ही आपली समजूत, अंगाला त्याची खबर नव्हती. दमट उष्म्याची खरी सवय आपल्यात कुणाला असेल तर ती वसमतकडे हळद शिजवायला उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांना. मार्च-एप्रिलमध्ये कुकरच्या वाफेत जो तासभर उभा राहिलाय त्याला मी काय सांगतेय ते समीकरणाशिवाय कळेल.

मग व्यावसायिक खेळाडू हे कसं निभावतात, याच्या मागे मी लागले. रॉय कृष्णा इथं परत येतो. लाबासाच्या दमट हवेतून निघालेल्या माणसाला गोव्याची हवा परकी नव्हती, हा एक भाग. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण तो मधली पाच-सहा वर्षं वेलिंग्टनच्या गार वाऱ्यात राहून आला होता. शरीर सवय कमावतं तसं विसरतंही. कमवायला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज थोडा थोडा वेळ त्या हवेत घाम काढायचा. मग रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. हे चौदा दिवस पैसे देऊन, जिद्द दाखवून, नवस बोलून कमी होत नाहीत. कोरड्या उन्हाची सवय थोडी मदत करते, पुरी पडत नाही. २०२६ च्या जानेवारीत पॅसिफिकमध्ये पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली, आठ संघांची. न्यूझीलंडचे, मेलबर्नचा, फिजीचा, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, वानुआतू आणि ताहितीचे. ऑकलंडहून उठून पोर्ट मोर्स्बीला खेळायला जायचं म्हणजे माझ्या भाचीनं हिंगोलीहून नेरुळला येण्यासारखंच आहे, फक्त मधे समुद्र आहे.

सामना थांबवून पाणी प्यायची सोयही नियमात आहे. फिफाच्या सूचनांत हा आकडा ३२ च्या वर गेला की दोन्ही अर्धात मधे तीन मिनिटं थांबायचं. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो म्हणते की ३२ फार झाले, २६ लाच थांबा आणि २८ च्या वर सामना पुढं ढकला. आणि २०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकात हवा कशीही असली तरी प्रत्येक सामन्यात असा विराम ठेवायचा, असं फिफानं जाहीर केलं. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमध्ये फोर्तालेझाला नेदरलँड्स मेक्सिकोविरुद्ध एका गोलनं मागं होती. दुसऱ्या अर्धात पाण्यासाठी खेळ थांबला, तेवढ्या वेळात त्यांचे प्रशिक्षक व्हान हाल यांनी डावच बदलला आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून सामना काढला. पाणी प्यायला थांबलेला संघ जिंकला. हे मी कुणाला उद्देशून सांगतेय ते आपल्या बॅचला कळलं असेल.

आपल्याकडचंही सांगते. आपली महिलांची राष्ट्रीय लीग २०२२ ला भुवनेश्वरला आणि २०२३ ला अहमदाबादला झाली, दोन्ही वेळा एप्रिल-मे महिन्यात. पुरुषांची सुपर लीग बहुतेक हिवाळ्यात, दिव्यांच्या उजेडात. मला यात कुणाचा दुष्ट हेतू दिसत नाही. वेळापत्रकात उरलेले महिने मुलींच्या वाट्याला येतात, रामलीला मैदानाचा उरलेला कोपरा आला तसे.

डॉक्टरांनी भाचीला खेळ बंद करायला सांगितलं तो काळ तिनं हिंगोलीत काढला. वहिनी म्हणत होती, आता पुरे, बी.एस्सी. कर. मी मधे बोलायला कचरत होते, माझं तोंड आधीच पोळलेलं. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ती स्वतःच बॅग भरून नेरुळला आली. म्हणाली, “आत्या, ह्या खेपेला आधी तीन आठवडे राहते, मग चाचणी.” ऑक्टोबरची मुंबई, म्हणजे पुन्हा तीच हवा. पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं. मग पंचवीस. सरावाआधी वजन, सरावानंतर अंग पुसून वजन. तासाभरात सव्वा किलो कमी झालं तर सव्वा लिटर पाणी गेलं, सरळ हिशेब. तेवढं परत भरायचं, पण हळूहळू आणि मीठ-साखर-लिंबू घालून. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही वाईट, रक्तातलं मीठ पातळ होतं. मी ऑफिसात ज्या तक्त्यात सर्व्हरचं तापमान लिहिते तसल्याच तक्त्यात पोरीची नाडी लिहीत होते. बाराव्या दिवशी तेवढ्याच पळण्याला नाडी मिनिटाला पंधरा ठोके खाली आली. ती तक्ता बघून म्हणाली, “हे तर मला कळलंच होतं, पाय हलके झालेत.”

नोव्हेंबरात दुसऱ्या एका क्लबनं तिला संघात घेतलं. मानधन एवढं की त्यात नेरुळची खोली येत नाही, म्हणून ती माझ्याकडे राहते आणि माझा फ्रिज रिकामा करते. पण करार आहे, कागदावर सही आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी विषय बदलून घेतला ती. इथं मला थोडं अवघड वाटतंय, पण बोलते.

दवाखान्यातल्या दुसऱ्या रात्री मी तिला विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायली होतीस? म्हणाली, “दोन घोट.” का गं? तर म्हणाली, “मैदानावर पोरींसाठी संडास नव्हता, आत्या. कुठं जाणार?” आणि मग सहज, जसं काही सगळ्यांना माहीत असतंच, म्हणाली, “शाळेतपण आम्ही पीत नव्हतोच की.”

मला एकदम आपला वर्ग आठवला. दहावीला आपण परभणी जिल्ह्यात होतो, आपला जिल्हा व्हायला अजून वर्ष होतं. आम्ही मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हतो. दिवसभर पीत नव्हतो. संध्याकाळी घरी पोचल्यावर आधी मोरीकडे, मग माठाकडे. कुणी शिकवलं नाही, मोठ्या बहिणींकडून आलं. शिवाय मैदानावर पाण्याला बंदी. “धावताना पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो, पाणी मागणारा कच्चा,” हे त्या काळी सगळ्याच शाळांमध्ये सांगायचे, आपले सरही सांगायचे. त्यांचा दोष नाही, त्यांनाही तसंच शिकवलेलं. मुलं निदान सर वळले की नळावर जाऊन यायची. आम्ही चपला सांभाळत तोंडाला कोरड पडून बसायचो. शेवटच्या तासाला डोकं दुखतं हे मला वाटायचं गणितामुळे. माझ्या नंतर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी माझ्या भाचीची पिढी तेच करते आणि त्या सवयीनं ती मुंबईच्या मैदानावर उतरली.

आणि कोरडं ऊन म्हणून आपण निर्धास्त राहावं असंही नाही. शालेय स्पर्धा कधी असतात? पावसाळ्यात सुरू होतात, तालुका, मग जिल्हा. भादव्याचं ऊन आपल्या आयांना चांगलं माहीत होतं. वरून तापतं, खालून वाफ येते. चार दिवस पाऊस उघडला की कयाधूच्या काठची हवा नेरुळसारखीच होते. त्याच दिवसांत आपली पोरं कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळतात.

समितीनं जमलेल्या निधीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधायचं ठरवलंय. चित्र मी पाहिलं, सुंदर आहे, नाव कोरलेलं आहे. मी माझी वर्गणी दिलेली आहे आणि परत मागत नाही. फक्त एवढं विचारते की त्याच पैशात मैदानाच्या कडेला मुलींसाठी दोन स्वच्छतागृहं, आतून कडी लागणारी, नळाला पाणी असलेली, आणि एक पत्र्याची सावली होते का, हे आज गवंड्याला विचारून घ्यायला काय हरकत आहे? कमान पुढच्या मेळाव्याला बांधू. मी दुपारी दोघांशी बोलले, एक म्हणाले की स्वच्छतागृहावर देणगीदारांची नावं कशी लिहायची. नका लिहू. माझं तर नकाच लिहू.

एक वस्तू मी सोबत आणली आहे. आपल्या भूगोलाच्या कपाटात एका पट्टीवर जोडीनं बसवलेले दोन तापमापी होते, एकाच्या फुग्याला वात. बाई वर्षातून एकदा दाखवायच्या आणि परत कुलूप. तसलाच एक मी घेतलाय, शिवाय काळ्या गोळ्याचा तिसरा. खाली एक तक्ता चिकटवलाय, मराठीत, कुठल्या आकड्याला खेळ कधी थांबवायचा आणि कुठल्या आकड्याला मैदानावर उतरायचंच नाही. आकडेमोड मीच करून ठेवली आहे, मुलांना फक्त तीन आकडे बघून ओळ शोधायची. वातीची डबी दर दोन दिवसांनी भरावी लागते, नाहीतर ती कोरडी पडते आणि आकडा खोटा येतो. मुख्याध्यापक म्हणाले आहेत की हे काम आठवीच्या मुलींकडे देऊ. जेवणाची पंगत बसायच्या आत कुणीतरी दोन खिळे आणि हातोडी आणून द्या, मैदानाकडच्या भिंतीवर सावली कुठं पडते ते मी मघाशी बघून आलेय.